उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि दारूची तपासणी

प्रश्न: माझा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह ऊस वाहतुकीला लावलाय. ड्रायव्हर रात्री पितो आणि पहाटे ‘उतरली’ म्हणून गाडी काढतो. पोलिसांनी फुंकायचं मशीन लावलं तर सापडेल का? मालकालाही दंड बसतो का? मी स्वतः त्याची तपासणी करू शकतो का? (एक ऊस उत्पादक, पंढरपूर तालुका)

उत्तर: पहाटे सापडण्याचीच शक्यता जास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा झाला, मग गाडी सरळ चालवत असला तरी. ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे ‘शेतीची गाडी आहे साहेब’ म्हणून सुटका होत नाही.

हिशोब बघा. ४२.८ टक्क्यांची एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. साठ किलोच्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात ती ढोबळमानाने १५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. रात्री दहाला संपवली तर पहाटे चारला ६० उरतात, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. लिंबूपाणी, चहा, गार पाण्याची आंघोळ यांनी झोप उडते, अल्कोहोल उतरत नाही. सकाळचा ‘उतारा’, म्हणजे नशा उतरवायला पुन्हा घेतलेला घोट, तर भरच घालतो.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. ही शिक्षा चालवणाऱ्याला. पण प्यायलेला आहे हे दिसत असताना तुम्ही ‘जाऊ दे, खेप पोचव’ म्हणालात, तर कलम १८८ खाली तीच शिक्षा चिथावणी दिल्याबद्दल तुम्हालाही होऊ शकते. विम्याचंही तसंच. अपघातात कंपनी नशेचा मुद्दा काढते, आणि जखमींना दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करण्याची वेळ येऊ शकते.

तपासणी जरूर करा. आपल्याकडे शेतमालकावर तशी सक्ती नाही, म्हणून हंगामाच्या आधीच करारात लिहून ड्रायव्हरची सही घ्या: गाडी काढण्यापूर्वी फुंकायचं, जास्त आलं तर खेप दुसऱ्याने न्यायची. मशीनवर ०.०३ म्हणजेच ३० मिलिग्रॅम. नुकतंच प्यायलेल्याचं तोंडातल्या दारूमुळे जास्त दाखवतं, म्हणून पंधरा मिनिटं थांबून घ्या. हे आकडे तुमच्या निर्णयापुरते. पोलीस त्यांच्याच मशीनवर किंवा रक्ताच्या नमुन्यावर जातात. फुंकायला नकार दिला तर रक्त घेता येतं, आणि तो नकारही त्याच्याविरुद्ध जातो.

खरी अडचण वेगळी आहे, ती आम्हालाही दिसते. ‘उचल (आगाऊ दिलेले पैसे) बुडेल’ या भीतीने मालक ड्रायव्हरला बोलत नाहीत. शिवाय कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीपुढे रात्रभर रांग लागते, आणि नंबर येईपर्यंत बाटली निघते. रांगेतला वेळ कारखान्याच्या शेतकी विभागाशी बोलून कमी होतो का बघा. नाहीतर लायसन असलेला दुसरा माणूस सोबत पाठवा.

गांजा मशीनवर दिसत नाही. तिथे कायद्यात आकडा नसून गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता का, एवढंच बघतात. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. औषध घेताना ‘ट्रॅक्टर चालवतो’ असं दुकानदाराला सांगायला लावा.