'पतंगच का?' असं कोणी विचारलं तर

पतंगांचा, म्हणजे उडवायच्या नव्हे तर त्या पंखवाल्या कीटकांचा, नाद लागलाय म्हटलं की 'त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न येणारच. चिडू नका आणि लांबलचक समर्थनही करत बसू नका. विचारणाऱ्याने पतंग फक्त दिव्याभोवती घिरट्या घालताना पाहिलेला असतो, फार तर कपडे खाणारा किडा म्हणून ऐकलेला असतो. (खरं तर कपडे खातात त्या मोजक्याच जातींच्या अळ्या.)

शास्त्रीय नावांपासून सुरुवात केलीत तर समोरचा तिथेच गळतो. त्यापेक्षा रात्री पांढरं कापड टांगा, समोर दिवा लावा आणि त्याला शेजारी उभं करा. हातात भिंग द्या. पंखांवर कौलांसारखे रचलेले खवले दिसले की तो आपणहून विचारू लागतो. मग सांगा, अॅटलास नावाचा भलामोठा पतंग प्रौढ झाल्यावर काहीच खात नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवरच जगतो. फुलपाखरांच्या जाती सुमारे १८,००० आणि पतंगांच्या १,६०,००० च्या आसपास, हे ऐकून तर माणसं थक्क होतात.

शेजाऱ्यांना मात्र आधी कल्पना द्या. मध्यरात्री असा उजेड दिसला की शंका येणं साहजिक आहे.

एवढं करूनही एखाद्याला रस वाटला नाही, तर विषय सोडून द्या. तुमचे फोटो मात्र तारीख आणि ठिकाणासह जपून ठेवा, अभ्यासकांना अशा नोंदी खरंच लागतात.