सोलापूरच्या उघड्या माळावर झाडी नाही, मग प्राणी लपतात कुठे आणि जगतात कसे?

माळावर लपण्यापेक्षा लांबचं दिसण्याला जास्त किंमत आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांचा कळप बघा. आपण गाडीतून उतरायच्या आत दोन-तीन माना वर झालेल्या असतात. नजर आणि पाय, एवढ्यावरच त्यांचं चालतं. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या जनावराला मोकळी जागाच लागते. दाट रानात त्याच्या त्या पिळाच्या शिंगांची अडचणच होईल. भेकराचं बरोबर उलटं, ते झाडीतच निभावतं.

माळढोकाच्या पायाला तीन बोटं, तिन्ही पुढं. मागचं बोटच नाही, त्यामुळे फांदी धरता येत नाही. झाड त्याच्या काय कामाचं? मादी घरटं न बांधता उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण वाळल्या गवतात तिची पाठ मिसळून जाते आणि उंच मानेमुळे खोकड येताना लांबूनच दिसतं.

टिटवी तर खड्यांमध्येच अंडी घालते. खड्यांच्याच रंगाची, ठिपक्यांची. पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. (टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. मी त्या भरवशावर पेरणी करणार नाही.) लांडग्याला पिल्लांसाठी ओढ्याकाठची बिळं पुरतात, आणि पोटासाठी धनगरांची मेंढरं आहेतच.

म्हणूनच 'माळ हिरवा करू या' म्हणत कुणी रोपं घेऊन निघालं की मला धडकी भरते. झाड वाढलं की कावळ्याला टेहळणीची जागा मिळते, खालची अंडी त्याला आयती, आणि काळविटाची नजर अडते ती वेगळीच. माळढोकासाठी इथं १९७९ साली अभयारण्य झालं, तरी आज तो दिसला तर नशीबच. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यानं उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारा त्याच्या जिवावर उठतात. मोकळ्या आभाळात अशा तारा ताणलेल्या असतील, याची तयारी त्याच्या अंगात नाही.

उन्हाळ्यात माळावर गेलात तर पायवाट सोडू नका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, की अंडी जवळच आहेत समजा आणि आल्या वाटेनं मागं फिरा.