बाबराच्या बागेच्या चित्रात माळी राबताना दिसतात, त्याचा अर्थ काय?

'निसर्गप्रेम' एवढ्यावर सोडू नका. बाग-ए-वफाचं, म्हणजे बाबराच्या अफगाणिस्तानातल्या बागेचं, हे चित्र (सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये) साधारण १५९० चं, अकबराच्या चित्रशाळेतलं. काढलं बिशनदास या चित्रकाराने, त्यातले चेहरे रंगवले नन्हा या दुसऱ्या चित्रकाराने. म्हणजे बाबर जाऊन साठेक वर्षं झाल्यावर नातवाने काढून घेतलेलं!

बाबराकडे नंतर बघा. आधी दोरी धरून जमीन मापणारे माळी आणि नकाशाची फळी घेतलेला माणूस शोधा. पाण्याच्या पाटांनी बागेचे चार सारखे चौकोन पाडलेत, तोच चारबाग. अफगाणिस्तानातला ओबडधोबड मुलूख आखून, पाणी खेळवून ताब्यात आणला, असा तो दावा आहे. डाळिंबं-नारिंगं छानच, पण माझ्या मते खरी गंमत त्या दोरीत आहे. कुदळ माळ्यांच्या हातात. बादशहा फक्त हुकूम सोडतोय.