सत्ता गेल्यानंतर हुकूमशहावर मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा खटला चालवता येतो का?

होय, चालवता येतो; मात्र त्यासाठी कायद्याइतकीच पीडितांची चिकाटी लागते. नाशिकमध्ये वकिली करताना पक्षकार मला नेहमी विचारतात की इतक्या वर्षांनी पुरावा टिकतो का, आणि तेव्हा मी आफ्रिकेतील चाड देशाचा हुकूमशहा हिसेन हाब्रे याचे उदाहरण देतो. १९९० मध्ये सत्ता गमावून तो सेनेगलला पळाला. परंतु त्याच्या तुरुंगांतून जिवंत सुटलेल्यांनी साक्षी जमवल्या, २००१ मध्ये त्याच्या गुप्त पोलिसांची हजारो कागदपत्रे सापडली, आणि ‘खटला चालवा अथवा प्रत्यार्पण करा’ असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१२ मध्ये सेनेगलला बजावल्यानंतर डाकारमधील विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला जन्मठेप सुनावली. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला लंडनमध्ये अटक झाली, पण त्याच्याबाबत मात्र असे घडले नाही. छळाच्या गुन्ह्यासाठी माजी राष्ट्रप्रमुखाला संरक्षण मिळत नाही, असे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायालय) १९९९ मध्ये ठरवले, तरी प्रकृतीच्या कारणावरून तो मायदेशी परतला आणि २००६ मध्ये शिक्षेविनाच वारला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अद्याप दिलेली नाही. येथील विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी त्यासाठी आग्रह धरावा, असे मला मनापासून वाटते.