आधी बाटली, मग उपग्रह

देवगड
मे महिन्याची अखेर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेला मोठा डिजिटल बोर्ड आलाय, नेटही बरं चालतं, आणि आता आठवी-नववीच्या मुलांना हवामान उपग्रहाची चित्रं दाखवून विज्ञान शिकवायचं तुझ्या मनात आहे. वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठल्या चित्रापासून करू, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, चित्रापासून करूच नकोस. शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस तो बोर्ड बंद ठेव आणि एक बाटली घे.

असं का म्हणतो ते कळायला माझी एक चूक तुला सांगायला हवी. शाळेत प्रोजेक्टर नवा आला तेव्हा मी रोज सकाळी मुलांना आधी इन्सॅट या आपल्या हवामान उपग्रहाचं चित्र दाखवायचो. मग एक जण जाऊन पर्जन्यमापक वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा. जुलैतली एक सकाळ. रात्रभर कोसळत होता, ओढे दुथडी भरून वाहत होते, मुलं ओलीचिंब होऊन वर्गात आली होती. पडद्यावर मात्र आमच्या किनाऱ्यावर नुसता राखाडी रंग, पांढरं असं काहीच नाही. त्या दिवशी ज्याची पाळी होती त्याने वहीत लिहिलं, १८ मिलिमीटर. मीही सही करून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वाडीतली एक मुलगी तिच्या घरची वही घेऊन आली. तिने खळ्यात स्वतःची बाटली लावली होती. तिचा आकडा होता १२०. मी त्या मुलाला जवळ बोलावून विचारलं. बराच वेळ तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सर, बाटलयेत ११८ होतो. पण फोटोत ढगच दिसाक नाय, म्हणान माका वाटलां माजांच चुकलां."

त्या मुलाने खोटेपणा केला नव्हता. उपग्रहाचा मान बाटलीच्या वर ठेवायला त्याला मीच शिकवलं होतं. चित्र आधी, मोजमाप नंतर, हा क्रम रोज पाहून त्याने जे शिकायचं ते शिकून घेतलं. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी धरतात, हे भातशेती करणाऱ्या घरातल्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. खऱ्या अतिवृष्टीच्या दिवशी आमच्या शाळेच्या वहीत १८ लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही होती. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

म्हणून आधी बाटली. जिचं अंग वरपासून खालपर्यंत सरळ आहे अशी दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घे, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा बसव, म्हणजे नरसाळं झालं. तळ फुगीर असतो, तिथे थोडं सिमेंट ओतून सपाट करून घे आणि ते सुकल्यावर तिथून शून्य धरून पट्टी चिकटव. झाडापासून, इमारतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेव. आपल्याकडच्या पावसात अशी बाटली एका रात्रीत ओसंडू शकते, तेव्हा जुलैत सकाळ-संध्याकाळ मोजून बेरीज करायची. सकाळची वेळ साडेआठ. ती का, हे मुलांना आधी सांगू नकोस. पुढे उपग्रहाच्या चित्रावर त्यांना जागतिक वेळ लिहिलेली दिसेल. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, हे त्यांनाच काढू दे. मग एखाद्याच्या लक्षात येईल की आपले साडेआठ म्हणजे तिकडचे बरोबर तीन, आणि हवामान खातंही दिवसाचा पाऊस याच वेळेला मोजतं. हे कोडं एकदा माझ्या वर्गात सुटलं तेव्हा त्या पोराने बाकावरून उडी मारली होती.

बाटलीशेजारी आभाळाची वही. ढग कुठल्या बाजूचे, किती आभाळ झाकलंय, वारा कुठून आहे. दोन ओळी पुरे. पंधरा दिवस हे झालं की बोर्ड लाव.

आता त्या राखाडी चित्राचं. इथेच सगळ्यात जास्त शिकवता येतं, म्हणून इथे घाई करू नकोस. टीव्हीवर दिसतं ते बहुतेक वेळा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचं चित्र असतं, आणि त्यातला पांढरा रंग पावसाचा नसतो. तो थंडीचा असतो. उपग्रह ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो आणि जितकं थंड तितकं पांढरं रंगवतात. (निळे-तांबडे रंग तर संगणकाने भरलेले असतात, तेही एकदा मुलांना सांग. कित्येकांना वाटतं ढग वरून तसेच दिसतात.) वर जावं तसं दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, एवढं मुलांना दिलंस की पुढचं गणित ती करतात. खाली २८ अंश आणि ढगाचा माथा उणे ६५, तर ढग किती उंच? ९३ भागिले साडेसहा, म्हणजे चौदा किलोमीटरच्या वर. हा मे महिन्यातला वळीव. कडाडतो, चित्रात पांढराशुभ्र चमकतो आणि पुष्कळदा अर्ध्या तासात निघून जातो, बाटलीत वीस-पंचवीस मिलिमीटर टाकून.

जुलैतला पाऊस वेगळा. समुद्रावरून दमट वारा एकसारखा येतो, सह्याद्रीला अडून वर चढतो, आणि पुष्कळदा तिथले ढग तीन-चार किलोमीटरच्या पुढे वाढतच नाहीत. माथा शून्य अंशाच्या आसपास, म्हणून चित्रात राखाडी. त्यांच्यात बर्फ तयार व्हावं लागत नाही, थेंबावर थेंब आदळून मोठे होत जातात आणि तासन्‌तास पडत राहतात. उपग्रहाला दिसतो माथा, आपल्याला दिसतो तळ. नुसत्या अवरक्त चित्रावरून पावसाचा अंदाज बांधला तर घाटाच्या या बाजूला तो कमी निघतो, हे शास्त्रज्ञांनाही चांगलं माहीत आहे. म्हणजे त्या मुलाची बाटली चुकली नव्हती. मोठ्या माणसांना ज्या ठिकाणी अडचण येते नेमकं तेच ठिकाण त्याला सापडलं होतं, आणि माझ्यामुळे त्याने ते खोडून टाकलं.

तुझ्या वर्गात असा दिवस येईलच. कुणीतरी म्हणेल, "ह्यो फोटो खोटो आसा." त्या क्षणी उत्तर देऊ नकोस. दोन दिवस जाऊ दे. मेमधली चित्रं काढून शेजारी ठेव आणि त्यांनाच भांडू दे.

उपग्रह कुठे आहे हे शिकवायला घरावरची डिश पुरते. ती वर्षानुवर्षं एकाच जागी बघते, दक्षिणेकडून पूर्वेला कलून. का हलत नाही, हा प्रश्न मुलांना घरी घेऊन जाऊ दे. ८ सप्टेंबर २०१६ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर नेऊन ठेवला. आपलं देवगड ७३.४ वर. म्हणजे जवळजवळ आपल्याच रेषेत, सरळ दक्षिणेला. तिथून तो पृथ्वीबरोबरच फिरतो, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, म्हणून आपल्याला स्थिर वाटतो. मैदानात मुलांना दक्षिणेकडे तोंड करून हात सत्तर अंशांवर उचलायला लाव. चाळीस बोटं एकाच जागेकडे रोखलेली बघ एकदा. शाळेतला पृथ्वीगोल ३० सेंटिमीटरचा असेल, तर त्या हिशेबात हा उपग्रह गोलापासून ८४ सेंटिमीटर लांब येतो. ध्रुवावरून फिरणारे, ८२० किलोमीटर उंचीचे उपग्रह त्याच गोलावर जेमतेम दोन सेंटिमीटरवर. हे पट्टी धरून दाखव, फळ्यावर आकृती काढून नको.

आणि पावसात डिश जाते, तेही वाया घालवू नकोस. डिशच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या असतात, मोठ्या थेंबांच्या सरीत त्या शोषल्या जातात आणि विखुरतात. दोन मीटर लांबीच्या लहरीला त्याच सरीची फिकीर नसते. तरंगलांबी हा शब्द आपल्याकडे ऐन पावसात मालिका बंद पडल्यावर जेवढा नीट समजतो तेवढा पुस्तकातून समजत नाही.

खारे आणि मतलई वारे फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेव. आभाळ निरभ्र असतं तेव्हा दुपारी दोनचं आणि पहाटे पाचचं अवरक्त चित्र शेजारी ठेवायचं. दुपारी जमीन काळी, म्हणजे तापलेली. पहाटे ती उजळते, समुद्राचा रंग मात्र फारसा बदलत नाही. वारा कुठून कुठे वाहणार ते चित्रच सांगतं. त्या चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा, त्यामुळे पन्नास किलोमीटर रुंदीच्या आपल्या कोकणपट्टीला बारा-तेरा ठिपकेच मिळतात, आणि तुझी शाळा, बाजार, बंदर सगळं एका ठिपक्यात. आलेख-कागदावर मुलांना हे मांडायला लाव. त्या दिवशी तांडेलांच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्यांच्या घरातल्या मुलांना पुढे बसव. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या, हे त्यांच्या आज्यांनी त्यांना सांगितलेलं असतं. जी मुलं एरवी तोंड उघडत नाहीत ती त्या तासाला बोलतात. मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे याची जी सूचना हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडून येते, तीही उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरूनच काढलेली असते. हरितद्रव्य म्हणजे तेच, जे तू पानांच्या धड्यात शिकवतेस.

वादळांबद्दल जपून. तौक्ते १६ मे २०२१ ला आपल्या समोरून गेलं. त्याची अर्ध्या-अर्ध्या तासाची चित्रं एकापाठोपाठ लावली तर मुलं थक्क होतात, हे खरं. पारदर्शक कागद ठेवून दर सहा तासांनी केंद्रावर टिंब काढायचं, अंतर मोजायचं, वेळेने भागायचं. गोव्यासमोरून निघून १७ च्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागेपर्यंतचा वेग साधारण चांगल्या हाणलेल्या सायकलीएवढा निघतो, आणि पोटातले वारे मात्र ताशी दीडशेच्या वर. एवढा फरक कसा, यावर एक अख्खा तास जाईल. पण वर्गात कुणाचं छप्पर गेलं होतं, कुणाची कलमं मोडली, कुणाची होडी आपटली हे आधी विचारून घे. एकदा असं चित्र लावलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पडवीत जाऊन उभी राहिली. तिच्या बाबांचं त्या दिवशी काय झालं होतं ते मला नंतर कळलं. तेव्हापासून मी वादळाचं चित्र न विचारता लावत नाही.

उपग्रहाची चित्रं थेट पकडायला शाळेत ॲन्टेना करू का, असंही तू विचारलंस. जरूर करा, पण दिवाळीनंतर. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे उपग्रह जी साधी चित्रं थेट पाठवायचे, ती आम्ही कातळसड्यावर बसून पकडायचो. ते तिन्ही २०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये बंद केले गेले. नोआ-१५ तर १९९८ पासून फिरत होता. जुनी माहिती वाचून त्यांची वाट बघत बसू नकोस. रशियाचे मेटिओर-एम उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास अजून चित्रं पाठवतात. त्यासाठी यूएसबीला लावायचा छोटा एसडीआर रिसीव्हर (संगणकाच्या मदतीने रेडिओ लहरी पकडणारा), लॅपटॉपवर सॅटडंप ही मोफत प्रणाली, आणि ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या १२० अंशांत आडव्या बसवलेल्या. कांडीची लांबी मुलांनाच काढू दे. ३०० भागिले १३७ म्हणजे मीटरमध्ये तरंगलांबी, त्याचा चौथा भाग, मग थोडीशी आखूड. ५३ सेंटिमीटरच्या आसपास येईल. माडांच्या बागेत काही लागायचं नाही, सड्यावर जा, तिथे क्षितिजापर्यंत आभाळ मोकळं असतं. उपग्रह येताना वारंवारता थोडी चढी दिसते आणि डोक्यावरून गेल्यावर उतरते. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याची आठवण मुलांना करून द्यावी लागत नाही, ती आपणहून काढतात. पहिल्या दोन-चार खेपांना चित्रात काळे पट्टेच जास्त येतील. ते पट्टेही वहीत चिकटवा, खाली तारीख आणि वेळ लिहून.

खर्चासाठी मुख्याध्यापकांकडे जाशील तेव्हा बाटलीची वही बरोबर ने. मागणीचा अर्ज नंतर दे.

एक तातडीचं. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच कोकणात उतरला होता, आणि त्या दिवशी नकाशावरची त्याची सीमारेषा नेमकी आपल्या देवगडातून गेली होती. तेव्हा शाळा उघडायची वाट बघू नकोस. गावातल्या तीन-चार मुलांना हाक मार, सिमेंट सुकायला दोन दिवस लागतात. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या कामात त्यांचे आईबाप गुंतलेले असतील, त्यांनाही सांगून ठेव, नाहीतर बाटली कचरा म्हणून कुणीतरी फेकून देईल. आमची पहिली तशीच गेली.

जूनची वही भरली की त्याची झेरॉक्स मला पाठव. खाडाखोड असेल तशीच राहू दे.

तुझा,
सर