वाडा पाडायचा की सावरायचा? बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा दुमजली वाडा सागवानी खांबांचा आहे. महापालिकेच्या निर्भयता शाखेची (धोकादायक इमारती बघणारा विभाग) 'जर्जरित' म्हणून नोटीस आली आहे. बिल्डर म्हणतो, खांब खालून सडलेत, पाडण्याशिवाय इलाज नाही. (दांडिया बाजार)

आधी नोटिशीतले शब्द वाचा. ती बहुधा महापालिका कायद्याच्या (१९४९) कलम २६४ खाली असेल. त्या कलमात बांधकाम पाडणे आहे, तसेच ते सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणेही आहे. तेव्हा लेखी उत्तर द्या, सोबत इंजिनिअरचा अहवाल जोडा आणि पोच घ्या. मात्र नोटीस खुंटीला टांगून ठेवू नका. कुठे तुळई वाकली असेल, कडी (तुळईवरची आडवी लाकडी पट्टी) भिंतीतून सरकली असेल तर तिथे आजच टेकू द्या. कागद मागाहून.

आता खांब. टोचा किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तळापासून वर दर चार इंचांवर दाबून बघा. सडक्या लाकडात तो लोण्यात सुरी जावी तसा जातो, चांगल्या सागवानात टोकसुद्धा रुतत नाही. बहुतेक वाड्यांत सड तळाच्या फूट-दीड फुटापुरतीच असते. कारण साधं आहे. खांब मुळात दगडी तळखड्यावर, जमिनीच्या वर उभा होता. पुढे शहाबादी आली, तिच्यावर मोझॅक, त्याच्यावर टाइल्स. तळखडा गाडला गेला आणि फरशी धुतली की खांबाचं बूड पाण्यात. यात वयाचा दोष नाही.

दुरुस्ती अशी : तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, टेकूंखाली जाड फळी घालून भार पसरवायचा आणि जॅकने दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे खांब मोकळा होण्यापुरतंच उचलायचं. इथेच घोटाळा होतो. उत्साही मिस्त्री शंभर वर्षांत हळूहळू बसलेली तुळई एका दुपारी 'लेव्हल'ला आणायला जातो आणि वरच्या मजल्याची भिंत फाटते. बसलेलं बसू द्या. मग सडका भाग कापून तेवढ्याच जाडीचं जुनं, सुकलेलं सागवान तिरप्या सांध्याने जोडायचं. आठ इंची खांबाला सांधा निदान २४ इंच लांब हवा, बोल्ट स्टेनलेसचे. नवा तळखडा फरशीच्या सहा इंच वर ठेवा. एका वेळी एकच खांब.

तुळयांची भिंतीत गेलेली टोकं जरूर तपासा. पन्हळ गळत असेल तर सड तिथे असते आणि खालून दिसत नाही. माडीवर पाण्याची टाकी असल्यास ती आधी उतरवा. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते कडीपाटावर अहोरात्र उभं असतं.

अहवाल हातात आल्यावर एक बघा. लाकूड-विटांच्या वाड्याच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे असतील तर दुसरा इंजिनिअर शोधा. तो हातोडा काँक्रीटसाठी असतो.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ च्या पुरात घरात पाणी होतं. त्यानंतर दोनदा सिमेंटचा गिलावा केला, तरी तीन-चार फुटांपर्यंत फुगून पडतो. वॉटरप्रूफिंग करावं का? (वाडी)

करू नका. तिसऱ्यांदाही पडेल.

जुनी वीट आणि चुना-मातीचे सांधे पाणी पितात आणि हवेत सोडून देतात. सिमेंटने ते तोंड बंद केलं की ओल बाहेर पडायला वाट शोधत आणखी वर चढते. सोबत आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात, म्हणजेच आपण म्हणतो तो लोणा. फुगतो गिलावा, पण भुगा होतो विटेचा.

ओलीच्या रेषेच्या वर आणखी एक फूट धरून तिथपर्यंतचं सगळं सिमेंट छिन्नीने काढा. ब्रेकर लावू नका, वीट हलते. सांधे १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडा, कोरड्या ब्रशने क्षार झाडा. ते धुऊ नका, पाण्याबरोबर पुन्हा आत जातात. मग भिंत उघडी ठेवून द्या. अंदाज असा धरतात की इंचभर जाडीला महिनाभर. १८ इंची भिंत पुरती सुकायला दीड वर्षसुद्धा लागेल, म्हणून दिवाळीनंतर उघडली तर निदान मेअखेरपर्यंत हात लावू नका. घरात पाहुणे येतील, भिंत वाईट दिसेल. दिसू द्या.

गिलाव्यासाठी कळीचा चुना विरवून, पाण्याखाली निदान महिनाभर मुरवलेला घ्या. रंगाच्या दुकानात कोपऱ्यात पडलेली पिशवी नको, तो चुना हवेने मेलेला असतो. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या पट्ट्यात एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची पूड, वीटभट्टीवरचा लाल धुरळा नव्हे. एक थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. दोन थरांत आठवडा-दहा दिवस जाऊ द्या, वर ओलं गोणपाट आणि उन्हापासून आडोसा. कडिया, म्हणजे गवंडी, 'पकड यावी म्हणून' मूठभर सिमेंट टाकायला बघेल. तेवढं उभं राहून थांबवा. वर चुन्याची सफेदी द्या. प्लॅस्टिक पेंट लावलात तर केलेलं सगळं वाया.

प्रश्न : तांबेकर वाड्याजवळ आमचं जुनं घर आहे. पाडून त्याच जागी तेवढंच बांधायचं आहे. तेवढ्यालाही दिल्लीची परवानगी लागते म्हणतात. (रावपुरा)

लागते, आणि तुमच्या बाबतीत कदाचित मिळणारही नाही. म्हणून कुदळ मारण्याआधी हे वाचा.

भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा भित्तिचित्रांचा वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर वाड्याच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित हद्दीपासून मोजतात.

पहिल्या १०० मीटरमध्ये १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगीने करता येतं. पण या कायद्यात 'दुरुस्ती' आणि 'पुनर्बांधणी' हे वेगळे शब्द आहेत. त्याच मापाचं, त्याच उंचीचं घर पुन्हा उभारलं तरी ती पुनर्बांधणीच, आणि ती या पट्ट्यात बसत नाही. 'आधी उतरवून घेऊ, मग बघू' असं केलंत तर हाती मोकळा प्लॉट उरेल. पुढच्या २०० मीटरमध्ये मात्र पुनर्बांधणीला आणि नव्या बांधकामालाही परवानगी मिळू शकते.

अर्ज ऑनलाइन सक्षम अधिकाऱ्याकडे जातो, तिथून राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. अंतर दाखवणारा नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, घराचे चारही बाजूंचे फोटो आणि जुन्या वेऱ्याच्या (घरपट्टीच्या) पावत्या तयार ठेवा. १९९२ पूर्वीचं घर सिद्ध करायला पावत्याच कामी येतात. ही ना-हरकत नसेल तर महापालिकेची रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) अडते.

प्रश्न : चार भावंडांचा वाडा. बिल्डर प्रत्येकाला एक फ्लॅट देतो म्हणतो. सही करावी का? (मांडवी)

वाडा ठेवा असं आम्ही दरवेळी म्हणणार नाही. चार बिऱ्हाडं, एक जिना, वर राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला संडासाला खाली यावं लागतं, अशा घरात पाडणं हाच शहाणपणा असू शकतो. पण हिशेब आधी करा.

समजा, प्लॉट ३० बाय ९० फूट, म्हणजे २७०० चौरस फूट. मधला १५ बाय १५ चा चौक वजा केला तर एका मजल्यावर २४७५, दोन मजल्यांचे ४९५०. नव्या इमारतीत रस्तारेषेला सोडायची जागा, समास (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, जिना आणि लिफ्ट वजा होतात, आणि किती मजले बसतील हे पुढच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पोळीतल्या (जुन्या गल्लीतल्या) चिंचोळ्या रस्त्यावर कधी कधी नव्यात जुन्यापेक्षा कमीच हाती पडतं. स्वतःच्या पैशाने आर्किटेक्टकडून प्रॉपर्टी कार्डावरच्या मापांचा नकाशा काढून घ्या. करारात 'फ्लॅट' नव्हे, कार्पेटचे, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे चौरस फूट लिहा.

आणि इमला, म्हणजे जुन्या घराचं लाकूड-सामान कोणाचं, ते करारात असू द्या. बहुतेकांचं इथे लक्ष नसतं. आठ बाय आठ इंची, नऊ फुटी खांब म्हणजे बरोबर चार घनफूट सागवान. असे वीस खांब म्हणजे ८० घनफूट, आणि तुळया, कड्या, दरवाजे अजून मोजलेलेच नाहीत. लाकूड मोजून, फोटोसह यादी करा. कोरीव हस्त (खांबावरचे तिरके लाकडी आधार) आणि दिंडी दरवाजा वेगळे लिहा. 'मलबा बिल्डरचा' या दोन शब्दांत हे सगळं जातं.

प्रश्न : न्यायमंदिरासारखी इमारत बंद ठेवण्यापेक्षा तिथे बाजार का भरू नये? (सूरसागर)

बंद ठेवणं वाईट, हे खरं. १८९६ ची, वास्तुविशारद चिझमची ही इमारत मुळात बाजारासाठी योजलेली होती आणि झालं न्यायालय, तेव्हा वापर बदलण्यात गैर काही नाही. २०१८ मध्ये न्यायालय नव्या संकुलात गेलं. रिकाम्या इमारतीत पन्हळी कोणी साफ करत नाही, पानं अडकतात, पाणी भिंतीत उतरतं आणि सांध्यात पिंपळ रुजतो.

वापर कोणताही असो, अटी त्याच : स्वच्छतागृहं मुख्य भिंतींना न चिकटवता वेगळ्या भागात, वायरिंग भिंत न फोडता उघड्या पाइपातून, एसीचे डबे दर्शनी बाजूला नकोत, मधले आडपडदे पुढे काढता येतील असे. पिंपळ मात्र उपटू नका, मुळाबरोबर दगडही हलतो. तो बुडाशी कापून ताज्या कापावर तणनाशक लावावं, फुटवा आला की पुन्हा. दोन-तीन खेपांनी मूळ मेलं की भेग चुन्याने भरून घ्यावी. हे पावसाळ्याआधी झालं पाहिजे.