डाकाचा धूर आणि सोनाराचे मूत्रपिंड
वाचकांचे प्रश्न : कामाच्या जागेचे आरोग्य

प्रश्न : माझे यजमान १८ वर्षांपासून सोनारकाम करतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. डाक लावण्याचे, म्हणजे मिश्रधातू वितळवून दागिन्याचे सांधे जोडण्याचे, काम जास्त असले की त्या रात्री त्यांच्या अंगात कसर येते, घसा कोरडा पडतो आणि खोकला सुरू होतो. दोन दिवसांनी बरे वाटते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) ठीक निघाले. ओळखीचा एक कारागीर म्हणतो की, हा केडीएमच्या धुराचा त्रास आहे. सासरे म्हणतात, आम्ही जन्मभर फुंकणी फुंकली, आम्हाला काही झाले नाही. यात खरे कोणाचे मानावे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते, कारण दोघे ज्या डाकाविषयी बोलत आहेत तो बहुधा एकच नाही. जुन्या पद्धतीच्या डाकात साधारण ६० भाग सोने आणि उरलेले तांबे किंवा चांदी असे. त्यामुळे सांधा पक्का होई. पण जितके सांधे अधिक तितका दागिन्याचा कस उतरे आणि मोडीच्या वेळी घट निघे. यावर तोडगा म्हणून ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम हा धातू असा डाक रुळला व कॅडमियमचेच नाव तोंडात बसून ‘केडीएम’ झाले. हा डाक कमी आचेवर पाझरतो आणि सोन्याचा कस २२ कॅरेटच्या आसपास राखतो, म्हणून तो दुकानदारालाही आवडला आणि गिऱ्हाइकालाही.

आता आचेचा हिशेब पाहा. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते. कॅडमियम ३२१ अंशांनाच वितळते आणि ७६७ अंशांना उकळते. म्हणजे सांध्यावर ज्योत जरा रेंगाळली की डाकातले सोने जागेवर राहते आणि कॅडमियमची वाफ होऊन ती हवेत कॅडमियम ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांत बदलते. सांध्यावर लावलेला टाकणखार (बोरॅक्स) फुलून बसला की कारागीर सांधा नीट दिसावा म्हणून मान खाली घालतो, त्याच क्षणी हे घडते, आणि नाक ज्योतीपासून वीतभर अंतरावर असते. केडीएमचा दागिना मोडीत घातल्यावर कसातली घट कमी दिसते तीही काही अंशी याचमुळे, की कॅडमियम मुशीतून उडून गेलेले असते. ते जाते कुठे, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नाही. खानापूर-आटपाडीकडची जी मंडळी देशभर गलाईचा, म्हणजे जुने सोने-चांदी गाळण्याचा, व्यवसाय करतात, त्यांना तो पडायला हवा, कारण जुन्या दागिन्यांतले सगळे सांधे त्यांच्या भट्टीत एकदम वितळतात.

तुम्ही वर्णन केलेली कसर हलक्यात घेऊ नये. कॅडमियमचा धूर श्वासावाटे जाताना फारसा झोंबत नाही. त्रास काही तासांनी सुरू होतो आणि तो हुबेहूब फ्लूसारखा वाटतो. जस्ताच्या धुरानेही असाच ताप येतो, पण तो एक-दोन दिवसांत निघून जातो. कॅडमियमचा मोठा डोस पोटात नव्हे तर छातीत गेलेला असेल, तर पुढच्या काही दिवसांत फुप्फुसांना सूज येऊन माणूस दगावू शकतो. सुरुवातीला या दोहोंतला फरक लक्षणांवरून ओळखता येत नाही. म्हणून काम केलेल्या रात्री धाप लागली किंवा छाती आवळल्यासारखी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि आज कॅडमियमच्या डाकाचे काम केले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. सांगितल्याशिवाय त्यांना ते सुचण्याची शक्यता कमी.

याहून कपटी त्रास वर्षानुवर्षे थोड्या थोड्या धुराने होतो. शरीरात गेलेले कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि निम्मे बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षे लागतात. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका आधी बिघडतात, क्रिएटिनिन फार उशिरा वाढते. त्यामुळे ‘क्रिएटिनिन ठीक’ या निकालाने निर्धास्त होता येत नाही. लघवीतील कॅडमियम आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (एक लहान प्रथिन) या दोन तपासण्या व्यवसायजन्य आजारांच्या किंवा मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडून करून घ्याव्यात. पट्टी बुडवून पाहण्याच्या साध्या तपासणीत हे लहान प्रथिन सहसा सापडत नाही. जोडीला फुप्फुसांची फुंकर-चाचणीही करावी. पश्चिम बंगालमधील दागिन्यांच्या छोट्या कारखान्यांतल्या कारागिरांची जी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात फुप्फुसांची क्षमता घटलेली आढळली होती. शिवाय कॅडमियम हे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मोडते. साठलेले कॅडमियम खात्रीने काढून टाकणारे औषध नाही. तसे सांगून काढे वा भस्मे विकणाऱ्यांपासून दूर राहावे.

उपाय एकच मुळाशी जाणारा आहे : डाक बदलणे. जस्त किंवा इंडियम असलेले कॅडमियममुक्त डाक मिळतात आणि हॉलमार्कसाठीच्या भारतीय मानकात कॅडमियमच्या डाकाला मज्जाव आहे. जून २०२१ पासून सुरुवातीला २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. पण हॉलमार्क दागिन्याचा कस तपासतो, कारागिराची खोली नव्हे. तोंडावर बांधलेला रुमाल कुचकामी आहे, कारण हे कण कापडाच्या विणीतून सहज जातात. छताचा पंखा धूर खोलीभर, आणि तुमच्या बाबतीत घरभर, पसरवतो. ज्योतीच्या बाजूलाच तोंड असलेला आणि धूर नाकाकडे न येता बाहेर ओढणारा पंखा बसवावा. तो नव्या डाकालाही लागेलच. कामाच्या जागी चहा-बिडी नको : तंबाखूत स्वतःचे कॅडमियम असते, त्यात बोटांवरची धूळ मिळते. दुकान कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झारेकऱ्याला द्यायची माती झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तीत काय आहे हे त्यालाही सांगा. सोन्याचा कण शोधताना तो बिचारा दिवसभर तीच माती चाळतो.

प्रश्न : माझ्याकडे केडीएमची जुनी साखळी आहे. ती अंगावर घालणे धोक्याचे आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सांध्यात घट्ट मिसळलेले कॅडमियम अंगाच्या उबेने उडत नाही, त्यामुळे साखळी घालायला हरकत नाही, लहान मुलांना मात्र ती चघळू देऊ नये. डागडुजीला देताना ती केडीएमची आहे, एवढे सोनाराला अवश्य सांगा.

प्रश्न : मी एसी-फ्रिज दुरुस्तीचे काम करतो. तांब्याच्या नळ्या चांदीच्या रॉडने जोडतो. मलाही हा धोका आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : रॉडवर अवलंबून आहे. चांदीच्या काही रॉडमध्ये कॅडमियम असते, काहींत नसते, आणि रंगावरून ते ओळखता येत नाही. सुटा रॉड घेऊ नका. वेष्टनावरचे घटक वाचूनच, कॅडमियममुक्त असे स्पष्ट लिहिलेला, घ्या. तांब्याला तांबे जोडायचे असेल तर तांबे-फॉस्फरसचा रॉडही चालतो. गच्चीवर वारा असतो. बंद डक्टमध्ये किंवा पोटमाळ्यावर जोडकाम करताना मात्र तोच रॉड कितीतरी पटींनी घातक ठरतो.